सोळा अँटिऑक आणि दोन सरला

शैलजाकाकूंना शैलजा म्हणणारं माणूस शिकागोजवळच्या या अख्ख्या नेपरव्हिल गावात एकच होतं, ती म्हणजे दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट. तीही 'शाय-लाजा' म्हणायची आणि काकू 'येस' म्हणून उठायच्या. आम्ही आजूबाजूचे सगळे त्यांना काकू म्हणतो. त्यांचा मुलगा ईशान सिएटलला असतो, तो आई म्हणतो. आणि उल्हासकाका, म्हणजे त्यांचे यजमान, लग्नाला चाळीस वर्षं उलटून गेली तरी 'अगं'वर भागवतात. किराणा दुकानात काकू डाळींच्या रांगेत हरवल्या तर काका दारापाशी उभे राहून 'अगं' म्हणून हाक मारतात, आणि काकू बरोबर येतात. मला याचा फार राग येतो. काकूंना येत नाही, म्हणून मला जास्त येतो.

मी नेत्रा. त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या टाउनहाउसमध्ये राहते. मूळची ठाण्याची, नोकरी आयटीत, आणि माझ्या जिभेला हाड नाही असा माझा लौकिक आहे. घरून काम करत असल्यामुळे सकाळी काकूंना स्टेशनवर सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं काम माझ्याकडे असतं. काका सोडू शकतात, पण ते गाडी काढण्याआधी टायरमधली हवा तपासतात, आणि तोवर शिकागोची गाडी निघून जाते.

काकू मूळच्या खामगावच्या. माहेरी त्यांचं नाव सरला. बी.एस्सी. झालेली, सायकलवरून कॉलेजला जाणारी, कॅरममध्ये भावांना हरवणारी सरला. त्र्याऐंशी साली पुण्याच्या राजवाड्यांचं स्थळ आलं, मुलगा इंजिनिअर, नाकीडोळी नीटस, लग्न ठरलं. एकच अडचण होती. राजवाड्यांच्या घरात थोरल्या सुनेचं, म्हणजे उल्हासकाकांच्या वहिनींचं नावही सरलाच होतं. एका घरात दोन सरला म्हणजे घोळ. सासूबाईंनी हाक मारली तर कुणी उठायचं आणि पोस्टमनने पत्र कुणाच्या हातात द्यायचं? तेव्हा धाकटीचं नाव बदलायचं ठरलं. तसंही त्या काळी लग्नात मुलीचं नाव बदलतच असत, त्यामुळे कुणाला वेगळं काही करतोय असं वाटलं नाही. सरलाला कुणी विचारलं नाही. तिलाही आपल्याला विचारायला हवं होतं असं तेव्हा वाटलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. काकूंनी मला ते एकदा गाडीत सांगितलं होतं, स्टेशनच्या पार्किंगमध्ये, बाहेर बर्फ पडत होता आणि त्यांची गाडी लेट होती. म्हणाल्या, "अंगठी तांदळातून फिरत होती आणि मी वाकून वाचत होते. तिसरं अक्षर येईपर्यंत मला कळत नव्हतं, आता मी कोण होणार ते." आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

पुढे काकांची नोकरी त्यांना अमेरिकेत घेऊन आली. ईशान तेव्हा शाळेत होता. काकूंना कितीतरी वर्षं कामाची परवानगीच नव्हती. त्या काळात त्यांनी नेपरव्हिलच्या लायब्ररीतली अर्धी पुस्तकं वाचून काढली आणि अर्ध्या मराठी मंडळाला पुरणपोळी शिकवली. ग्रीन कार्ड आल्यावर त्या एका विमा कंपनीत लागल्या. काम असं, की ग्राहकांच्या यादीत एकच माणूस दोनदा आला असेल तर शोधून काढायचा आणि दोन नोंदींची एक करायची. काकू त्यात पटाईत झाल्या. मी मंडळाच्या पिकनिकची यादी केली की त्या नुसती नजर फिरवून सांगायच्या, हे जोशी आणि हे जोशी एकच आहेत, एकाचं कूपन रद्द कर. ते काम कंपनीने बाहेर दिलं तेव्हा काकूंनी शिकागोतल्या एका विद्यापीठाच्या नकाशा विभागात आठवड्यातून तीन दिवसांची नोकरी धरली. जुन्या नकाशांवरची आणि उत्खननाच्या कार्डांवरची गावांची नावं संगणकात भरायची. पगार बेताचा, पण काकू खूश. त्या म्हणायच्या, विम्यातली माणसं मरतात, गावं निदान बरीच टिकतात.

कामाच्या दिवशी संध्याकाळी शिकागोच्या युनियन स्टेशनवर आपल्या गाडीची वाट बघताना त्यांना फलकावर दुसऱ्या एका मार्गाच्या शेवटच्या स्टेशनचं नाव दिसायचं. अँटिऑक. इलिनॉयमधलंच गाव, विस्कॉन्सिनच्या हद्दीजवळ. हेच नाव दिवसभर त्यांच्या कार्डांवर यायचं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या शहराचं म्हणून, आणि संध्याकाळी त्याच नावाच्या गावी लोक हातात कॉफी घेऊन घरी निघालेले असायचे. काकूंना याची गंमत वाटायची. एकदा जाऊन बघायला हवं, असं त्या दर महिन्याला म्हणायच्या आणि काका दर महिन्याला म्हणायचे, तिथं आहे काय बघायला.

मग काकूंच्या हातून ती चूक झाली.

तुर्कस्तान, सीरिया आणि त्यापलीकडच्या जुन्या शहरांची कार्डं भरताना काकूंना अँटिऑक हे नाव पुन्हा पुन्हा दिसू लागलं. विमा कंपनीतला हात शिवशिवला. एकच गाव एवढ्या वेळा? कुणीतरी गाढवपणा केलेला दिसतोय, असं त्यांना वाटलं. त्यांनी सगळी अँटिऑक निवडली, एकत्र करण्याचं बटण दाबलं, आणि समाधानाने घरी आल्या. त्या दिवशी गाडीत त्या मला अभिमानाने म्हणाल्या, आज सोळा नोंदींची एक केली.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या तर नकाशावर सोळाही ठिपके गायब. संगणकाने सगळ्या जागांची सरासरी काढून एकच ठिपका इराणच्या डोंगरात ठेवून दिला होता, जिथं कुठलंच शहर कधी नव्हतं. विभागाची प्रमुख लिंडा नावाची पिकल्या केसांची बाई आहे. ती आधी डोळे पुसेपर्यंत हसली, आणि मग काकूंना शेजारी बसवून तिने सांगितलं की ही चूक नव्हे, ती खरोखरच वेगवेगळी शहरं आहेत. सिकंदरानंतर त्याचा सेल्युकस नावाचा सेनापती राजा झाला. त्याच्या बापाचं नाव अँटिओकस. जुना एक इतिहासकार सांगतो की या सेल्युकसने बापाच्या नावाने सोळा शहरं वसवली, आणि त्याच्या वंशातल्या पुढच्या राजांनीही तोच कित्ता गिरवला. म्हणून जिकडेतिकडे अँटिऑक.

जुनी प्रत ठेवलेली असल्यामुळे सगळं एका क्षणात पूर्ववत करता आलं असतं. पण काकू म्हणाल्या, मी केलंय, मीच हाताने सोडवते. त्यांनी ते कसं सोडवलं तेही त्यांचंच. खामगावच्या आसपास पिंपळगावं ढिगाने. पिंपळगाव राजा, पिंपळगाव हरेश्वर, तिकडे नाशिककडे पिंपळगाव बसवंत. नाव एक असलं म्हणून कुणी चुकीच्या एसटीत बसत नाही, मागचा शब्द बघून बसतो. तसंच त्यांनी केलं. ओरोंटिस नदीवरचं अँटिऑक, पिसिडियातलं अँटिऑक, सिडनस नदीवरचं अँटिऑक, असा प्रत्येकाला त्याचा मागचा शब्द शोधून दिला.

हे करता करता त्यांना दुसरंच काहीतरी सापडलं. यातली कितीतरी शहरं राजाने मुळात वसवलेलीच नव्हती. ती आधीपासून नांदती होती, त्यांना त्यांची नावं होती. राजाने वरून फक्त आपल्या घराण्याचं नाव ठेवलं. सिडनसवरचं अँटिऑक म्हणजे जुनं तार्सस. सारस नदीवरचं अँटिऑक म्हणजे अडाना. आणखी एक, सोनेरी नदीवरचं म्हणून ओळखलं जाणारं, ते म्हणजे जॉर्डनमधलं जेराश. मग ते राजे गेले, घराणं गेलं, आणि लोक पुन्हा जुनंच नाव म्हणू लागले, किंवा बहुधा घरात बोलताना त्यांनी ते कधी सोडलंच नव्हतं.

"नेत्रा, अडाना आजही अडानाच आहे गं," काकू गाडीत बसत मला म्हणाल्या. "विमानतळ आहे तिथं. त्या नावाने तिकीट मिळतं."

मी म्हटलं, बरं मग? आणि हीटर वाढवला. मला त्या दिवशी कळायला हवं होतं, पण मी ऑफिसच्या मीटिंगच्या विचारात होते. कळलं ते काही आठवड्यांनी, त्यांच्या स्वयंपाकघरात.

काकूंचा डबा परत द्यायला मी गेले होते. काका डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून काकूंचा सिटिझनशिपचा अर्ज भरत होते. स्वतः ते दोन वर्षांपूर्वीच सिटिझन झाले होते. काकूंनी भारताचा पासपोर्ट सोडवत नाही म्हणून टाळाटाळ केली होती आणि आता कुठे तयार झाल्या होत्या. काका प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचे आणि उत्तर स्वतःच द्यायचे. काकू पोळ्या करत होत्या. वजन, उंची, डोळ्यांचा रंग, कधी अटक झाली होती का. मग काकांनी वाचलं, तुम्हाला कायद्याने आपलं नाव बदलायचं आहे का, आणि त्याच दमात म्हणाले, "नो."

"थांबा," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना थांबा म्हटल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. काकूंनी गॅस बंद केला, हाताचं पीठ झटकलं आणि सांगितलं की त्यांना सरला व्हायचं आहे.

काका म्हणाले, "का? काय वाईट आहे शैलजात?"

"वाईट काहीच नाही. पण ते विचारतायत ना. मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय."

यावर काकांनी जे सुरू केलं ते ऐकून माझं डोकं उठलं. बँक बदलावी लागेल, घराचे कागद बदलावे लागतील, ड्रायव्हिंग लायसन्स, इन्शुरन्स, फार्मसी, कॉस्को दुकानाचं कार्डसुद्धा. या वयात कशाला नसती उठाठेव. काकू शांतपणे ऐकत होत्या. मग काका म्हणाले, "आणि मी ठेवलेलं नाव..." आणि तिथंच थांबले. क्षणभर मला त्यांची दया आली. पण लगेच त्यांनी हुकमाचा एक्का काढला. म्हणाले, वहिनी काय म्हणेल? पंच्याऐंशी वर्षांची बाई, आयुष्यभर घरातली सरला म्हणून मान मिळवला. तिचं नाव तू घेतलंस तर तिला काय वाटेल?

काकू ओट्यावरचं पीठ पुसू लागल्या. वहिनींवर त्यांचा जीव. नव्या नवरीला पुण्याच्या त्या कडक घरात पाठीशी घातलं ते वहिनींनीच, चहात साखर जास्त पडली तर स्वतःच्या अंगावर घेतलं ते वहिनींनीच. काका एकदम जिंकल्यासारखे दिसले आणि मग त्यांनाच ते बरं वाटेना, हेही दिसत होतं. अर्ज तसाच अर्धवट जतन करून ठेवला गेला. पोळ्या गार झाल्या आणि मी डबा ओट्यावर ठेवून निघाले.

पुढचे काही दिवस शेजारच्या घरातून टीव्हीशिवाय आवाज येईना. काका रागावले की फावडं घेऊन बाहेर पडतात. त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या, माझ्या आणि कोपऱ्यावरच्या मिसेस केली नावाच्या आजींच्या दारातलाही बर्फ उपसला. काकू कामावर जात होत्या, येत होत्या, अँटिऑक सोडवत होत्या. गाडीत मी त्यांना म्हटलं, काकू, तुमचं नाव, तुमचा अर्ज, सरळ येस करा, काकांना कळणारही नाही. त्या म्हणाल्या, "असं चोरून घ्यायला ते काही दुसऱ्याचं नाहीये. सगळ्यांच्या समोर घेईन, नाहीतर नाही घेणार." त्यांना ते नाव किती हवं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि वहिनींना किंवा काकांना दुखवून ते मिळालं तर त्यांना ते नको होतं हेही.

शेवटी एका रविवारी सकाळी काकूंनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. मला मुद्दाम बोलावून घेतलं, धीर म्हणून. काका त्याच खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान मात्र उलटत नव्हते. पडद्यावर वहिनी आल्या, पांढरेशुभ्र केस, नाकात चमकी. प्रकृती, थंडी, ईशानची बायको प्रीता कशी आहे, सगळं झालं. मग काकूंनी आडपडदा न ठेवता विचारलं, वहिनी, मी माझं माहेरचं नाव परत घेतलं तर तुम्हाला वाईट वाटेल का?

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, ते माझं कुठलं आलंय? मी माहेरची द्वारका. सासूबाईंना ते फार जुनाट वाटलं, म्हणून त्यांनी मला सरला केलं. तुझं नाव गेलं ते माझ्यामुळे, आणि माझं ते मुळात नव्हतंच. घे बाई तुझं तू परत."

काकूंना हे ठाऊक नव्हतं. काकांनाही ठाऊक नव्हतं, कारण वहिनी घरात आल्या तेव्हा काका शाळेत होते आणि वहिनी त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून वहिनीच होत्या. चाळीस वर्षं ज्या नावासाठी एका मुलीला बाजूला सरकावलं, त्याच्याखाली आणखी एक मुलगी होती. मला तर हसावं की रडावं तेच कळेना.

"एक कर," वहिनी म्हणाल्या. "मला एकदा त्या नावाने हाक मार बघू. ते म्हणणारं आता कुणी राहिलं नाही."

"द्वारकावहिनी," काकू म्हणाल्या.

पडद्यावर वहिनींचा चेहरा हललाही नाही, इतका की मला वाटलं इंटरनेट अडकलं. मग त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, चल, माझ्या औषधाची वेळ झाली. काकांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं होतं. ते उठले, फावडं शोधू लागले, पण त्या दिवशी बर्फ पडलाच नव्हता.

काका लगेच वितळले असं नाही. पुणेरी माणूस आहे, आपलं चुकलं हे त्याला आधी स्वतःला तीनदा पटवून द्यावं लागतं. पण मार्चमधल्या एका शनिवारी ते अचानक म्हणाले, "चल, तुझं ते अँटिऑक बघून येऊ." मलाही बरोबर घेतलं, कारण फोनवरच्या नेव्हिगेशनवर त्यांचा भरवसा नाही आणि माझ्यावर आहे. काकूंनी थालीपीठं केली, लोणी वेगळ्या डबीत घेतलं, आणि आम्ही उत्तरेकडे निघालो.

अँटिऑक म्हणजे एक साधा मुख्य रस्ता, दुतर्फा विटांची दुकानं, एक बेकरी, आणि गावाबाहेर तळीच तळी. तळ्यांवरचा बर्फ काठाकाठाने सुटायला लागला होता. काकू लहान मुलीसारख्या बघत होत्या. स्टेशनची पाटी दिसली तेव्हा त्यांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि लिंडाला पाठवला. काकांना जिथं तिथं बोर्ड वाचायची सवय. गावाच्या माहितीचा एक बोर्ड त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे सोळांपैकी कितवं?"

काकू म्हणाल्या, हे त्यातलं नव्हे, हे फार नंतरचं. लांबून आलेल्या लोकांनी ओळखीचं नाव ठेवलं असणार.

"मग त्याआधी या जागेला काय म्हणायचे?"

"काहीतरी म्हणतच असतील. इथं आधी जे राहायचे त्यांना ठाऊक असणार. बोर्डावर नाहीये."

"कुणी विचारलं नसेल त्यांना," काका म्हणाले. हे त्यांच्या तोंडून सहज निघालं. मग त्यांनी स्वतःच ते ऐकलं. टोपी काढली, पुन्हा घातली, आणि गाडीकडे चालू लागले.

तळ्याकाठी गाडीत बसून आम्ही थालीपीठं खाल्ली. काका पुढे, काकू शेजारी, मी मागे. मग काका काचेकडे बघत म्हणाले, मी खूप विचार करून ठेवलं होतं ते नाव. तीन नावं काढली होती. कितीतरी दिवस ठरत नव्हतं.

माझी जीभ सुटलीच. मी म्हटलं, "काका, एवढं विचार करून ठेवलंत, मग एकदा तरी त्या नावाने हाक का नाही मारलीत?"

"नेत्रा, गप्प बस," काकू म्हणाल्या. पण बाण सुटला होता. काकांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, गाडी बंद होती तरी. मला वाटलं आता परत जाताना मला रस्त्यात उतरवतात.

"आई-अण्णांच्या समोर बायकोला नावाने हाक मारायची सोय नव्हती," ते हळूच म्हणाले. "लाज वाटायची. मग सवयच लागली. मनात म्हणायचो. कामावर जाताना स्कूटरवर म्हणायचो, शैलजा. आवडायचं मला."

काकू खिडकीतून तळ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही, पण हात सरकवून काकांच्या हातावर ठेवला. मला भरून आलं. इतकी वर्षं मी या माणसावर मनातल्या मनात चिडत होते, आणि तो स्कूटरवर एकटाच बायकोचं नाव घेत हिंडत होता. खरं सांगते, त्यामुळे मला आणखीच राग आला. जिला ऐकू जायला हवं होतं तिला सोडून सगळ्या पुण्याच्या रहदारीला त्याने ते ऐकवलं होतं.

घरी आल्यावर काकांनी लॅपटॉप उघडला. मी गाडीतले डबे आत नेऊन ठेवत होते. काकांनी तो जतन केलेला अर्ज काढला, त्या प्रश्नापाशी आले, आणि या वेळी उत्तर न देता लॅपटॉप काकूंच्या दिशेने फिरवला. काकूंनी स्वतःच्या बोटाने 'येस' केलं. पुढे नव्या नावाचा रकाना आला. तिथं काकू एकेक अक्षर टाइप करू लागल्या आणि काका शेजारी उभे राहून मान हलवत होते. मग फक्त एकदा विचारलं, "राजवाडे राहणार ना गं?" काकू म्हणाल्या, राजवाडे राहू दे, त्याला मी आता सरावले.

ईशानला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "आई, दॅट्स सो कूल! मला कधी बोलली का नाहीस?" काकू म्हणाल्या, तू कधी विचारलंस? यावर आमचा ईशान बराच वेळ सॉरी म्हणत राहिला, आणि प्रीताने मागून विचारलं की मग सरला हे नाव आपल्याला पुढे वापरता येईल का, कारण नोव्हेंबरमध्ये घरात बाळ येणार आहे, हे त्यांना थोडं थांबून कळवायचं होतं, ते ती आत्ताच कळवून टाकते आहे. काकूंच्या हातातून फोन पडायचाच बाकी होता. काका लगेच म्हणाले की एका घरात दोन सरला चालतील, त्यात काय एवढं, राजाची तर सोळा होती. मी काकांना पहिल्यांदाच मिठी मारली.

मुलाखत झाली. नाव बदलायचं म्हणून शपथ न्यायाधीशासमोर कोर्टातच घ्यावी लागते, त्यामुळे तारीख यायला वेळ लागला. तारीख आली तेव्हा शिकागोत पानं पिवळी होऊ लागली होती. काकूंनी मोरपंखी पैठणी नेसली, वरून जाड कोट. ईशान आला होता, प्रीताला डॉक्टरांनी विमान नको म्हटलं होतं म्हणून ती फोनवरून बघत होती. मी सुट्टी टाकली. कोर्टाच्या मोठ्या दालनात कुठकुठच्या देशांची माणसं दाटीवाटीने बसली होती. एकेका देशाचं नाव घेतलं की तिथले लोक उभे राहायचे. न्यायाधीश बाईंनी ज्यांची नावं बदलली त्यांचे आदेश मंजूर झाल्याचं सांगितलं. आमच्या काकूंनी उजवा हात वर केला, शपथ घेतली, आणि बसताना कोटाच्या बाहीने हळूच डोळे पुसले. काका मागच्या रांगेत सरळ ताठ बसले होते, शाळेत बसतात तसे.

सगळं आटोपल्यावर बाहेरच्या दालनात ही गर्दी. छोटे झेंडे, फुलांचे गुच्छ, फोटो काढणारे, रडणारी पोरं. काकू सर्टिफिकेट घेऊन कुठल्या दाराने बाहेर आल्या कळेना. काका टाचा उंचावून बघत होते. मग त्यांनी सवयीने हाक मारली, "अगं!" दोन अनोळखी मराठी बायका एकदम वळल्या. शिकागोत एखादी तरी असतेच. काकू मात्र वळल्या नाहीत. लांबवर, खांबापाशी, त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सर्टिफिकेटवरचं नाव वाचत होत्या. मोरपंखी काठ कोटाखालून दिसत होता.

ईशान त्यांना आणायला निघाला तेव्हा काकांनी त्याला हाताने थांबवलं. घसा खाकरला. कानापर्यंत लाल झाले. आणि मग त्या एवढ्या गर्दीत, इतक्या देशांच्या माणसांसमोर, छाती भरून हाक मारली.

"सरला!"

आम्हाला वाटलं, दोनतीनदा मारावी लागेल. काकू पहिल्याच हाकेला वळल्या.